चार बर्थची कबर

मी कबर बोलतेय. मातीचा उंचवटा आणि वर लाकडी क्रूस, असली साधीसुधी नव्हे. चांगली चार जणांची, पक्क्या विटांची, चुन्यात बांधलेली, वर काळी फरशी आणि पूर्वेला तीन पायऱ्या असलेली. दुर्गच्या पुढे, रेल्वे लाईनीपासून कोसभर आत एक खेडं होतं. त्या खेड्याच्या टोकाला कौलारू चर्च होतं आणि त्याच्या आवारात माझा जन्म झाला. खेड्याचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. तिथे आज भिलाईच्या कारखान्याचे अकरा रूळ आहेत.

इतर कबरींचं आयुष्य कुणाच्या तरी मरणाने सुरू होतं. माझं सुरू झालं ते एका रिटायरमेंटने.

देवराव हे माझे मालक. घराणं भंडाऱ्याकडचं, आजोबांच्या काळात मिशनमध्ये आलेलं. देवराव रेल्वेत सांधेवाले होते. गाडीला रूळ बदलून द्यायचं त्यांचं काम. १९३१ साली दुर्गच्या यार्डात शंटिंग चालू असताना त्यांचा डावा पाय चाकाखाली आला आणि गुडघ्यापासून खाली तोडावा लागला. मग रेल्वेने त्यांना कुबडी दिली आणि एका फाटकावर नेऊन बसवलं. तिथे ते कवी झाले. पाय गेला तेव्हा देवाने शब्द दिले, असं ते स्वतः सांगत. अंजनाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणत, "बसून बसून झाले."

ते भजनं रचत आणि फाटकावरच लोकांना ऐकवत. गाडी यायची म्हणून फाटक लावलं की दोन्ही बाजूंना बैलगाड्या तटत, बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवत, आणि देवराव सुरुवात करत. मालगाडी केव्हाच पुढच्या स्टेशनात पोचलेली असे, पण देवरावांचं तिसरं कडवं व्हायचं असे, म्हणून फाटक बंदच. उतईच्या बाजारात भाजी उशिरा पोचली तर लोक समजून घेत, की आज नवं भजन झालेलं दिसतं. त्यांची भजनं तीन चर्चांमधून म्हटली जात. दोन चर्चांत आवडीने, आणि तिसऱ्यात यासाठी की त्या चर्चचा रस्ता फाटकातून जात होता.

१९५२ साली ते रिटायर झाले, या खेड्यात घर करून राहिले, आणि सगळ्यात आधी त्यांनी मला बांधायला घेतलं. कवी म्हटला की त्याची कबर पाहिजे, लोकांनी येऊन ती वाचली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. माझा नकाशा त्यांनी रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागे काढला. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, त्याला माणसं निजवायची एकच रीत ठाऊक. म्हणून माझ्यात चार बर्थ आले. खालचे दोन देवराव आणि अंजनाबाईंचे, वरचे दोन मुलगा शेषराव आणि सून कांता यांचे. शेषराव तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता आणि कांता लग्न होऊन नुकतीच घरात आली होती. सासऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला वरचा बर्थ दाखवला. ती बिचारी "बरं बाबा" म्हणाली, दुसरं काय म्हणणार?

बांधायला चिंधू गवंडी आला होता. हुशार माणूस, पण त्याला एक शंका सुटेना. "देवरावजी, या पायऱ्या कायले? आतले लोक बाहेर येनार हायेत का?"

"वाचाले येनारे चढतीन ना बावा," देवराव म्हणाले.

फरशीवर चारही नावं कोरली. जन्माचं साल घातलं, पुढे रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा. देवरावांनी चौघांसाठी ओळीही रचल्या होत्या. अंजनाबाईंच्या नावाखाली हे आलं:

अंजना माझी मूक सावली,
शब्दावाचून जगी वावरली.

अंजनाबाई मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी पायरीवर उभं राहून हे एकदा वाचलं, परत वाचलं, आणि आवारातली माणसं काय, झाडावरचे कावळेही ऐकत राहिले. "मूक? कोन मूक? पस्तीस वर्षं झाली, या घरात कोन बोलते मंग? तुमी तर गाडीसंगं बोलता! दगडावर खोटं कोरून ठेवलं मानसानं, तेही देवाच्या दारात!" पुढचा महिनाभर त्या चर्चला मागच्या बाजूने येत होत्या.

आणि मी तयार झाले. नवी, कोरी, चुन्याचा वास येणारी. मी वाट पाहू लागले.

कुणी येईना! माझ्या घराण्याची तब्येत इतकी उत्तम, की मला लाज वाटायची. शेजारच्या कच्च्या कबरींना दर वर्षी-दोन वर्षांनी सोबत मिळे, माणसं रडत येत, फुलं पडत. माझ्याकडे पाहून ती माणसं म्हणत, "केवढी मोठी बांधलीय, आणि रिकामी!" एका उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. साथ माझ्या चौघांना चुकवून गेली तेव्हा सगळं गाव देवाचे आभार मानत होतं आणि मी एकटी रुसले होते.

रिकामी वस्तू माणसाला बघवत नाही, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं. गावातल्या बाया माझ्या फरशीवर मोहाची फुलं वाळवू लागल्या. चर्चचे पाळकसाहेब रविवारी माझ्या पायऱ्यांवर मुलांचा वर्ग घेऊ लागले. आणि सगळ्यात जास्त वापर केला तो अंजनाबाईंनी. एवढी मोठी तापलेली फरशी उगाच पडून आहे हे त्यांच्या गृहिणीपणाला सोसलं नाही. मुंगवड्या, कुरड्या, मिरच्या, सगळं माझ्यावर. बकऱ्या येऊ नयेत म्हणून छत्री घेऊन त्या पायरीवर बसत आणि माझ्याशी बोलत. हो, माझ्याशीच. घरी नवरा भजनं रचत असे, तिथे बोलायची सोय नव्हती. सुनेचं कौतुक, गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं मला ठाऊक. कबर असून माझ्या अंगाला हिंगाचा वास यायचा. आतून मी कुरकुरायची, पण एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत तर करमायचं नाही.

मग १९५६ साली मोजणीवाले आले. साखळ्या, लाल-पांढरे बांबू, तीन पायांची दुर्बीण. गावात सगळ्यात सपाट मीच, म्हणून दुर्बीण माझ्यावर उभी राहिली. दोन रशियन साहेब माझ्या पायरीवर बसून उकडलेली अंडी खाऊन गेले आणि टरफलं मात्र कागदात बांधून घेऊन गेले. गावात बातमी पसरली, की इथे रशियाच्या मदतीने पोलादाचा कारखाना होणार, रान, शेतं, घरं सगळं जाणार, आणि लोकांना दुसरीकडे जागा मिळणार. माणसं रडली, भांडली, मग सामान बांधू लागली. कारखाना आपल्या देशाचा आहे, असं पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं आणि प्रवचन तिथेच आटोपलं.

मोजणीच्या कचेरीतला कारकून होता पंजाबराव. अमरावतीकडचा, तरुण, कानावर पेन्सिल, बगलेत रजिस्टर. फार इमानदार माणूस आणि म्हणूनच फार त्रासदायक. त्याच्या रजिस्टरात घर, विहीर, झाड, देवस्थान, कबर असे रकाने होते. ज्या कबरीत कुणी आहे ती वारसांच्या मर्जीनुसार सन्मानाने हलवायची, नाहीतर कुंपण घालून जागीच ठेवायची, असा नियम होता. नियम चांगलाच होता. पंजाबराव एकेका कबरीपाशी टोपी काढून उभा राही, नाव विचारी, लिही. मग तो माझ्याकडे आला.

"काकाजी, यात कोन हाय?"

"अजून कोनी नाही," देवराव म्हणाले.

"मंग हे कबर कशी?"

"कशी म्हन्जे? नाव हाय, दगड हाय, जागा हाय, चार बर्थ हायेत. फक्त मानूस नाही."

पंजाबरावने रजिस्टर खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "काकाजी, मानूसच नाही तर रिकाम्या कबरीचा रकाना माह्यापाशी नाही. हा चबुतरा झाला. यादी एकतीस मार्चले बंद होते. त्याच्यानंतर सारे चबुतरे सपाट होतीन, इथं यार्ड हाय."

चबुतरा! मला कुणी थडगं म्हटलं असतं, मसणवट म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण चबुतरा म्हणजे ज्यावर म्हातारी माणसं तंबाखू मळत बसतात तो! मी तापून निघाले. देवराव तर फरशीवर हात टेकून उभे राहिले. त्या माणसाच्या नावावर शेत नव्हतं, पेन्शनीतलं घर कुडाचं, भजनं छापलेली नव्हती. मरून गेल्यावर आपलं काय उरेल असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं. आणि आता तेही जाणार होतं.

रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, मी मार्च सरायच्या आत जाऊन राहिलो."

"कुठे जाताय, देवराव?"

"मरून राहिलो. एकतीस तारखेच्या आत मी हिच्यात गेलो, तर कबर वाचते."

पाळकसाहेब नगरकडचे, शांत प्रकृतीचे. ते म्हणाले, "अहो, हे आपल्या हातात नसतं."

"म्हून तर तुमाले सांगून राहिलो. तुमी वरती शब्द टाका."

आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मीही नेलं. खोटं कशाला बोलू, मनातून सुखावलेही. अखेर कुणीतरी माझी कदर केली! देवराव रोज दुपारी येत, कुबडी पायरीशी टेकवत आणि माझ्या फरशीवर हात जोडून उताणे निजत. सवय व्हावी म्हणून. अर्ध्या तासाने पाठ भाजली की उठून घरी जात. पण फेब्रुवारी लागला आणि त्यांनी जेवण सोडलं. उपास-प्रार्थना म्हणाले. आधी एक वेळ पेज घेत, मग तीही नको झाली. मग निजल्यावर त्यांना उठवायला शेषराव यायला लागला. मार्चच्या मध्यावर एके दिवशी दोघांनी धरून नेलं. त्यांचं अंग फरशीवर टेकायचं तेव्हा मला वजन कळायचं. ते दर दिवशी कमी होत होतं. तेव्हा मात्र माझी हौस फिटली. असलं येणं मला नको होतं, पण दगडाला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंजनाबाई आल्या. हातात सूप नव्हतं, छत्री नव्हती. पायरीवर बसल्या आणि फरशीवर चापट मारली.

"काय पाह्यजे तुले? सांग ना! मेलेलं मानूस पाह्यजे? सव्वीस वर्षं झाली, या मानसाले मी एका पायावर उभं केलं. खांद्यावर हात घेऊन फाटकापर्यंत चालवलं. तुह्यासाठी आडवं कराले नाही! मुंगवड्या वाळवल्या तुह्यावर, झाडलं, पुसलं, घरचं मानूस समजून बोलली, आनि तूच घर खाऊन राहिली माह्यं?"

आणि त्या रडल्या. अंजनाबाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती बाई सतत बोलत असे, आणि आता पदर तोंडात धरून गप्प बसली होती. डोळे पुसता पुसता त्यांची नजर आवाराच्या कोपऱ्यातल्या चिंचेकडे गेली आणि तिथेच राहिली. मग एकदम उठल्या. "बह्याड हाय मी," असं स्वतःलाच म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

सकाळी सगळे हजर. शेषराव कुदळ घेऊन, पाळकसाहेब पुस्तक घेऊन, पंजाबराव रजिस्टर घेऊन, आणि बाजेवर बसवून आणलेले देवराव. अंजनाबाईंनी चिंचेखाली एक जागा दाखवली. "इथं खोद. हळू."

"काय हाय इथं?" देवरावांनी विचारलं.

"तुमीच. थोडेसे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९३१ साली पाय तोडला तेव्हा देवराव शुद्धीवर येऊन म्हणाले होते, "फेका तो कुत्र्यापुढे." पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. पण दवाखान्यातून तो पाय अंजनाबाईंनी मागून घेतला. आपल्या लुगड्यात गुंडाळला, सिग्नलच्या कंदिलाच्या रिकाम्या पेटीत ठेवला, आणि जवळचं चर्च म्हणून बैलगाडीने इथे आणला. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांना म्हणाल्या, याच्यावर प्रार्थना म्हणा. ते म्हणाले, पूर्ण म्हणता येणार नाही. मग अर्धी म्हणा, असं म्हणून त्यांनी तो पुरला. दर वर्षी त्या तारखेला त्या चिंचेखाली जाऊन येत.

"आनि मले सांगतलं नाही?" देवराव म्हणाले.

"सांगतलं असतं तर तुमी त्याच्यावर भजन केलं असतं!"

पेटी मोडकळीला आली होती. आत थोडी हाडं निघाली आणि बुटाची टाच, तिचे तीन खिळे शाबूत. शेषरावने ती सगळी नव्या धोतराच्या फडक्यात घेतली. देवराव बाजेवरून उतरले आणि कुबडीवर उभे राहिले. दोन दिवस त्यांना उभं राहता आलं नव्हतं.

आता पंजाबरावची पाळी होती. "मयताचं नाव?"

"देवराव."

"आनि हे उभे हायेत हे कोन?"

"देवराव," सगळे म्हणाले.

"म्हन्जे मयत इथं हजर हाय?"

"एका पायानं हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "दुसरा तुमाले दिला ना जी लिहाले! आता कायचा घोर?"

पंजाबरावने पाळकसाहेबांना विचारलं, हे माणसाचंच आहे, असं लिहून देता का? पाळकसाहेबांनी लिहून दिलं. तेव्हा पंजाबरावने टोपी काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि कबरीच्या रकान्यात लिहिलं: "अंशतः भरलेली. मयत, एक पाय, डावा. बाकी हयात." मग माझा खालचा डावा बर्थ उघडला आणि पाय आत आला. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मातीला माती मिळो, असं म्हणून त्यांनी देवरावांकडे पाहिलं आणि पुढे म्हणाले, "उरलेली यथावकाश." देवराव स्वतःच्या दफनाला उभे राहून आमेन म्हणाले. मी कबर झाले ती त्या दिवशी, १९ मार्च १९५७.

अंजनाबाईंनी पदराखालून डबा काढला. पोळी आणि आलू-वांग्याची भाजी. देवराव माझ्या पायरीवर बसून जेवले. दोन पोळ्या खाऊन तिसरी मागितली, तेव्हा अंजनाबाई तिकडे तोंड करून नाक शिंकरत राहिल्या.

पुढे पंजाबरावने कचेरीचा रीतसर कागद आणून दिला. लांबलचक होता. देवरावांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "सदर कबर जागेवर कायम ठेवण्यात येत आहे." मग कागदाची घडी घालून बायबलात ठेवली आणि गावभर तीच एक ओळ सांगत फिरले. बाकीच्या ओळी वाचायच्या राहिल्या. फाटकावर तिसऱ्या कडव्याशिवाय न थांबणारा माणूस, इथे नेमका पहिल्याच ओळीला थांबला.

गाव उठलं. चर्चची कौलं उतरली. इतरांच्या कबरी त्यांच्या माणसांनी नव्या दफनभूमीत नेल्या. माझ्याभोवती लोखंडी कुंपण आलं. रूळ आले ते पाच इकडून आणि सहा तिकडून. एका पायासाठी यार्डाला वळसा पडला. इंजिनवाले मला पाहून शिट्टी देत. पुढे भट्टी पेटली तेव्हा आकाश लाल झालं आणि माझी फरशी लोखंडाच्या तांबड्या धुळीने भरली. शेषराव कारखान्यात शंटिंगला लागला. सगळे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. वर्षातून दोनदा देवराव आणि अंजनाबाई यार्डाच्या गेटवर पास काढून मला भेटायला येत. अंजनाबाई पदराने धूळ पुसत आणि म्हणत, "मुंगवड्यांचे दिवस गेले बाई तुह्ये. काळ्या पडतीन आता."

१९६४च्या पावसाळ्यात त्या आल्या नाहीत. ऑगस्टात एका सकाळी शेषराव आणि पंजाबराव दोघेच कुंपणापाशी आले. शेषरावच्या डोळ्यांवरून मला कळलं. चार दिवसांच्या तापाने अंजनाबाई गेल्या होत्या. मी म्हटलं, या! बारा वर्षं मी त्यांच्यासाठी बर्थ धरून ठेवला आहे, उजवा, खालचा. पण पंजाबरावच्या हातात तो कागद होता आणि तो शेवटची ओळ वाचत होता.

"यापुढे या कबरीत फक्त सदर पायाच्या उर्वरित भागास जागा देण्यात येईल. यार्डाच्या हद्दीत अन्य कोणाचेही दफन करता येणार नाही."

"पंजाबराव, माय हाय ते माही," शेषराव म्हणाला.

"माह्याच हातचं हाय शेषरावजी हे. तवा मले वाटलं काकाजीचं भलं केलं. काकू ध्यानातच नाही आल्या." पंजाबराव कुंपणाला धरून उभा होता. वर विचारून पाहिलं होतं, पण रुळांच्या मधून प्रेतयात्रा न्यायला परवानगी मिळणं शक्य नव्हतं, आणि थांबायला वेळ नव्हता. त्या संध्याकाळी अंजनाबाई गावकऱ्यांच्या नव्या दफनभूमीत साध्या मातीत गेल्या. ज्या बाईमुळे मी कबर झाले, तिलाच माझ्यात जागा नव्हती. नुसत्या पायाला होती.

पंधरा दिवसांनी देवराव आले. सोबत शेषराव, कुदळ आणि पत्र्याची एक पेटी. देवराव पायरीवर बसले. सदुसष्ट वर्षांचे होते, त्या दिवशी नव्वदीचे वाटले.

"बाबा, नीट इचार करा," शेषराव म्हणाला. "पाय काढला तर हे रिकामी होईन. चबुतरा लिहितीन. पाडतीन."

"पाडू दे."

"तुमचा जीव होता हिच्यात."

"होता ना. हिच्यापायी जीव द्याले निघालो होतो, तुह्या मायनं देऊ नाही दिला. शेषराव, मी तो पाय कुत्र्यापुढे फेका म्हनलं होतं. तिनं लुगड्यात घेतला. सव्वीस वर्षं एकटी भेटाले येत होती त्याले, मले न सांगता. आता ते तिकडं एकटी, आनि मी इथं फरशीखाली मोठा कवी होऊन निजू? कागद म्हन्ते, जिथं पाय तिथं उरलेला. बरोबर हाय. मंग पायच तिच्यापाशी नेतो."

शेषरावने माझा बर्थ उघडला. ती हाडं, ती टाच, सगळं पेटीत ठेवलं. जाताना देवरावांनी फरशीवर हात ठेवला. एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. "चांगली बांधली होती चिंधूनं," एवढंच म्हणाले.

पुढचं मला पंजाबरावने सांगितलं. यार्डाच्या गेटवर शिपायाने पेटी अडवली. सामान बाहेर न्यायचं तर नोंद पाहिजे. काय आहे? पाय. कुणाचा? माझा. आत कसा आला? "मी नाही आनला," देवराव म्हणाले, "कारखाना त्याच्या भोवती आला." शिपायाने देवरावांच्या कुबडीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं, "एक पाय, स्वतःचा, परत नेला." मग त्याने सलाम केला, म्हणे.

पंजाबराव आज सकाळी आला होता तो माझी नोंद बदलायला. आता त्याला चष्मा लागलाय. टोपी काढून माझ्या पायरीवर बसला, जुनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, चबुतरा. लिहून झाल्यावर मला म्हणाला, "काकाजी रोज जाऊन बसते तिथं. म्या इचारलं, पाय तर गेला, तुमी कवा जाता? तर म्हन्ते, तिनं हाक मारल्यावर. अजून मारून नाही राहिली."

सोमवारी माझ्यावर मशीन येणार आहे. येऊ दे. मला चबुतरा म्हटल्याचा राग आता येत नाही. बारा वर्षं मी मेलेल्या माणसांची वाट पाहिली ती चुकीची पाहिली, सोबत जिवंत माणसांचीच होती, एवढं मात्र मनाला लागतं. तुम्ही भिलाईत असाल, त्या दफनभूमीकडे कधी जाणं झालं, तर एक म्हातारा कुबडी शेजारी ठेवून मातीपाशी बसलेला दिसेल. त्याला भजन म्हणायला सांगू नका, नाहीतर तुमचं जेवण चुकेल. फक्त त्या मातीला माझा निरोप सांगा: अंजनाबाई, पाय पोचला. आता हाक मारायची घाई करू नका. एका पायाने का होईना, त्यांना अजून थोडं चालू द्या.